विषाणू गेला, मंग दुखते काहून?

गेल्या वर्षी दिवाळी उलटून कापसाची दुसरी वेचणी सुरू झाली, त्या आठवड्यात बाबांच्या डाव्या बरगडीवर लाल पुरळ उठले. त्याआधी दोन दिवस त्या जागी आग होत होती; पण फवारणीच्या पंपाचा पट्टा घासला असेल, असे त्यांनी स्वतःच ठरवून टाकले होते. पुढे पाण्याने भरलेले फोड पाठीकडून पोटाकडे ओळीने सरकले, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्यांनी एका नजरेत निदान केले : नागीण निघाली. निदान अगदी बरोबर होते. उपचार मात्र गावात वर्षानुवर्षे चालत आलेला झाला. नागीण उतरवणाऱ्या गृहस्थांना बोलावणे गेले, त्यांनी गेरू कालवून फोडांच्या दोन्ही टोकांना आडव्या रेघा ओढल्या आणि पाच दिवस मीठ वर्ज्य करायला सांगितले. नागिणीचे तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळाले की माणूस दगावतो, म्हणून ही वाट अडवायची असते, अशी समजूत आहे.

त्या समजुतीबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पाठीच्या कण्यातून निघणारी प्रत्येक नस शरीराच्या एकाच बाजूचा पट्टा सांभाळते आणि नागिणीचा विषाणू बहुधा एकाच नसेच्या वाटेने त्वचेवर येतो. त्यामुळे पुरळ शरीराच्या मध्यरेषेपाशी येऊन आपोआप थांबते. गेरूची रेघ ओढली काय आणि न ओढली काय, तोंड आणि शेपूट सहसा मिळतच नाहीत. रेघ ओढणाऱ्याचे यश असे शरीररचनेनेच राखून ठेवलेले असते.

मी चाळीस किलोमीटरवर, तालुक्याच्या गावी, कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. वहिनीचा फोन आला तो सहाव्या दिवशी. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूरोधक औषध सुरू झाले तर त्याचा लाभ सर्वांत अधिक होतो, हे मला ठाऊक होते. पण ठाऊक असणारी मी दर रविवारी फोन करते, आणि नेमक्या त्या रविवारी सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. असायक्लोव्हिरच्या गोळ्या दिवसातून पाच वेळा सुरू झाल्या त्या सातव्या दिवशी. तीन आठवड्यांत खपल्या पडल्या आणि कातडी बरी झाली. दुखणे मात्र गेले नाही. बनियनचे कापड बरगडीला लागले तरी बाबा दचकून अंग चोरत, रात्री पंख्याचा वारा लागला तरी उठून बसत. संक्रांतीला मी घरी गेले तेव्हा ओसरीवर बसून त्यांनी विचारले, "डॉक्टर म्हनते विषाणू गेला. मंग दुखते काहून, माय?"

प्रश्न साधा वाटला, तरी विषाणूंमुळे होणाऱ्या चेतासंस्थेच्या हानीवर गेली नव्वद वर्षे जे काम चालले आहे, त्यातले निम्मे ह्याच प्रश्नाभोवती फिरते. त्यातले बरेचसे काम उंदरांवर झाले आहे, आणि त्याचा एक अगदी छोटा तुकडा मी स्वतः पाहिला आहे. एम.एस्सी. झाल्यावर एका संशोधन संस्थेच्या प्राणिगृहात मी दीड वर्ष साहाय्यक होते. म्हणून बाबांना दिलेले उत्तर जरा विस्ताराने येथे लिहून ठेवते.

सुरुवातीलाच एक कबुली देते. नागिणीचा विषाणू, म्हणजे बालपणी कांजिण्या देऊन नंतर कण्याजवळच्या चेतापेशींच्या गाठींमध्ये जन्मभर झोपून राहणारा विषाणू, हा माणसाचाच आहे. उंदराला त्याची नागीण होत नाही. बाबांच्या बरगडीत काय घडले, हे उंदराने थेट सांगितलेले नाही. त्याने सांगितले ते वेगळे आणि अधिक मूलभूत आहे : नस खराब झाली की तो दोष विषाणूचाच असतो, हे गृहीत धरता येत नाही.

हे सर्वांत स्वच्छ रीतीने दाखवणारा विषाणू म्हणजे लिम्फोसायटिक कोरिओमेनिन्जायटिसचा, संक्षेपाने एलसीएमव्ही. अमेरिकेत १९३३ साली सेंट लुईसच्या मेंदूज्वराच्या साथीचा तपास चालू असताना चार्ल्स आर्मस्ट्राँग यांच्या हाती तो लागला. तो प्रौढ उंदराच्या मेंदूत टोचला की पहिले पाच दिवस उंदीर ठणठणीत दिसतो. सहाव्या ते आठव्या दिवशी त्याचे केस विस्कटतात, अंग आखडते, झटके येतात आणि तो मरतो. येथपर्यंत कोणीही म्हणेल की विषाणूने मारले. परंतु १९३० च्या दशकातच एरिक ट्राउब यांच्या लक्षात आले होते की, ज्या पिल्लांना आईच्या पोटातच ह्या विषाणूची लागण होते ती मरत नाहीत. ती वाढतात, हिंडतात, त्यांना पिल्ले होतात आणि आयुष्यभर त्यांच्या रक्तात तोच विषाणू भरपूर प्रमाणात वाहत असतो. विषाणू तोच, उंदीरही तोच. मग एक आठवड्यात मरतो आणि दुसरा म्हातारा होतो, हे कसे?

फरक पडतो तो ओळखीचा. पोटात असतानाच भेटलेल्या विषाणूला पिल्लाची प्रतिकारसंस्था घरातलाच समजते आणि त्याच्यावर धावून जात नाही. प्रौढ उंदराची प्रतिकारसंस्था मात्र त्याला परका म्हणून ओळखते. १९५० च्या दशकात प्रौढ उंदरांना आधी क्ष-किरण देऊन त्यांची प्रतिकारशक्ती खच्ची केली आणि मग मेंदूत विषाणू टोचला, तेव्हा ते उंदीर जगले. पुढे १९७२ साली ह्याची उलटतपासणी झाली. औषधाने प्रतिकारशक्ती दाबल्यामुळे विषाणू अंगात असूनही निवांत असलेल्या उंदरांना दुसऱ्या, लागण होऊन सजग झालेल्या उंदरांच्या पेशी दिल्या, आणि ते निवांत उंदीर मेले. विषाणू आधीपासून होताच. बाहेरून आल्या त्या केवळ रक्षक पेशी.

कॅनबेरा येथे रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी हे दोघे १९७३-७४ मध्ये ह्याच उंदरांवर काम करत होते. मेंदूच्या आवरणांना सूज आलेल्या उंदराच्या पाठीच्या पाण्यातल्या टी पेशी, म्हणजे रक्षक पेशींचाच एक प्रकार, काढून त्या बाधित पेशींना मारतात का, हे ते काचेच्या तबकडीत पाहत होते. त्यांना आढळले की टी पेशी नुसता विषाणू ओळखत नाही. आपल्याच शरीराच्या ओळखपत्रावर लावलेला विषाणूचा तुकडा तिला दिसावा लागतो. ह्या शोधाला १९९६ चे नोबेल मिळाले. पारितोषिकाच्या कथांमध्ये एक बारकावा बहुधा मागे पडतो, तो असा की टी पेशी हल्ला करते तो बाधित झालेल्या आपल्याच पेशीवर, म्हणजे कसेही झाले तरी नुकसान घरातलेच होते. यकृताची किंवा कातडीची पेशी मेली तर दुसरी उगवते. मेंदूतली चेतापेशी एकदा गेली की तिच्या जागी सहसा दुसरी येत नाही.

ह्या कथेला २००९ मध्ये आणखी एक वळण मिळाले. डोरियन मॅकगॅव्हर्न यांच्या गटाने जिवंत उंदराच्या कवटीचे हाड झिरझिरीत होईपर्यंत घासून, सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूच्या आवरणातल्या टी पेशींच्या हालचाली प्रत्यक्ष पाहिल्या. अपेक्षा होती की टी पेशी स्वतःच कत्तल करताना दिसतील. दिसले ते असे की, त्या टी पेशींच्या हाकेवर रक्तातून न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट ह्या दुसऱ्या प्रकारच्या रक्षक पेशींचे लोंढे आले, त्यांनी आत शिरताना रक्तवाहिन्यांच्या भिंती फोडल्या, आणि झटके येण्यामागे ती गळती होती.

बाबांना हे सांगताना मी न्यूट्रोफिल हा शब्द काढला नाही. त्यांना मी माझ्या नववीतल्या वर्षाची एक रात्र आठवून दिली. नाल्याकडच्या वावरात तूर शेंगांवर आलेली होती आणि रानडुकरांचा उपद्रव चालू होता. बाबा आणि काका जागलीला होते, आणि हट्ट करून मीही त्यांच्याबरोबर गेले होते. मध्यरात्री खसखस ऐकू आली तशी काकांनी आरोळी ठोकली, आणि आजूबाजूच्या चार वावरांतले दहा-बारा गडी डबे वाजवत, टॉर्च फिरवत, काठ्या घेऊन आमच्या तुरीत घुसले. डुकरे पळाली. सकाळी पाहतो तर डुकरांनी खाल्लेली तूर एका कोपऱ्यात होती, आणि माणसांच्या पायाखाली आडवी झालेली तूर पार धुऱ्यापर्यंत. धुऱ्यावरचे काटेरी कुंपणही आमच्याच लोकांनी धावताना पाडले होते. बाबा हसले. त्यांना त्या वर्षी नेमकी किती तूर कमी झाली, तेसुद्धा आठवत होते. मग थोडा वेळ थांबून त्यांनी जे विचारले, ते माझ्या वर्गातल्या कोणत्याही मुलाने अद्याप विचारलेले नाही : "मंग हाकलाले जाऊच नये काय?"

ह्याच ठिकाणी गोष्ट सोपी राहत नाही आणि दुसऱ्या एका विषाणूकडे जावे लागते.

मॅक्स थायलर यांना पिवळ्या तापाच्या लशीसाठी १९५१ चे नोबेल मिळाले. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांपैकी एखाद्याचे मागचे पाय अधूनमधून लुळे पडत. त्याचे कारण शोधताना त्यांना एक नवा विषाणू सापडला आणि १९३४ मध्ये त्यांनी तो जाहीर केला. पोलिओच्या विषाणूचा हा दूरचा नातलग उंदराच्या आतड्यात सहसा काही न करता राहतो; मेंदूत पोहोचला तरच बिघाड होतो. त्याच्या काही जाती इतक्या उग्र आहेत की उंदीर थोड्याच दिवसांत मरतो. सौम्य जातींची चाल मात्र विलक्षण आहे, आणि ती १९७५ मध्ये हॉवर्ड लिप्टन यांनी नीट मांडली. आधी मेंदूच्या करड्या भागात थोडी सूज येते आणि ओसरते. मग महिनाभराने, सगळे निवळले असे वाटत असताना, मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरचे मायेलिनचे आवरण उतरू लागते. मायेलिन म्हणजे मोटारपंपाच्या वायरवरच्या रबरासारखे. आतली तार शाबूत असली तरी रबर कुरतडले गेले की पंप अडखळतो. उंदराची चाल आधी डुलकी होते, मग मागचे पाय आखडतात.

लिप्टन आणि मॉरो दाल कँटो यांनी १९७६ मध्ये अशा उंदरांची प्रतिकारशक्ती औषधाने आणि टी पेशींविरुद्धच्या रक्तद्रवाने दाबून पाहिली, तेव्हा आवरण उतरणे थांबले. एवढ्यावर थांबले तर बाबांच्या प्रश्नाचे उत्तर "जाऊ नये" असे होईल. परंतु प्रतिकारशक्ती दाबलेल्या उंदरांमध्ये विषाणू माजला आणि मरणाऱ्यांची संख्या वाढली. ज्यांना जन्मतः टी पेशी नसतात अशा, केस नसलेल्या उंदरांतही तसेच झाले. तेथे विषाणूने मायेलिन बनवणाऱ्या पेशी स्वतःच फोडल्या. हाकलायला गेले नाही तर डुकरे सगळे वावर खातात.

ह्याच विषाणूबाबत उंदरांच्या दोन जातींमधला फरक मला फार बोलका वाटतो. काळ्या केसांचा सी५७ जातीचा उंदीर ह्या विषाणूला थोड्या आठवड्यांत साफ करून टाकतो आणि त्याचे मायेलिन वाचते. पांढऱ्या एसजेएल जातीच्या उंदराची प्रतिकारसंस्थाही जोरात लढते. पण तिच्याकडचे ओळखपत्र, म्हणजे झिंकरनागेल-डोहर्टी यांनी दाखवलेले तेच रेणू, वेगळ्या घडणीचे असते, आणि ह्या विषाणूचे नेमके तुकडे ते नीट दाखवू शकत नाही. त्यामुळे विषाणू संपत नाही आणि लढाईही संपत नाही. न संपणाऱ्या लढाईत मायेलिनचा चुरा होत राहतो, तो चुरा प्रतिकारसंस्थेच्या हाती लागतो, आणि काही आठवड्यांनी तिच्या टी पेशी विषाणूबरोबर मायेलिनलाही शत्रू समजू लागतात. शिकागोच्या स्टीफन मिलर यांच्या गटाने हे १९९७ मध्ये दाखवले. मात्र काळा उंदीर पुरता सुटतो असेही नाही. विषाणू झपाट्याने घालवताना त्यातल्या अनेकांना पहिल्या आठवड्यात फेफरे येते. म्हणजे लढाई लवकर संपवण्याचीही किंमत मोजावीच लागते.

आता मी स्वतः पाहिलेला तुकडा. आमच्या प्राणिगृहात वापरला जाणारा विषाणू ह्या दोहोंपेक्षा वेगळा होता. उंदरांच्या यकृताला सूज आणणारा तो एक कोरोना विषाणू. माणसाला त्याचा काही उपद्रव नाही. कोविड यायला तेव्हा बराच अवकाश होता, त्यामुळे कोरोना हा शब्द घरी कोणाला सांगितला तर लोक एका जुन्या मोटारीचे नाव घेत. ह्या विषाणूच्या काही जाती मेंदूत आणि मज्जारज्जूत शिरून मायेलिन उतरवतात. येथेही क्ष-किरण दिलेल्या उंदरांचे मायेलिन वाचते, आणि त्यांना नंतर रक्षक पेशी दिल्या की ते उतरू लागते, हे तोवर इतरांनी सिद्ध केलेले होते.

माझे काम मामुली होते. निर्जंतुक केलेले धानाचे तूस पिंजऱ्यांत बदलणे, पाण्याच्या बाटल्या भरणे, आणि रोज सकाळी दहा वाजता प्रत्येक उंदराला शून्य ते पाच असे गुण देणे. शेपटी ताठ असली तर शून्य. शेपटी ओल्या सुतळीसारखी लोंबली तर एक. चालताना मागचा भाग डुलू लागला तर दोन, मागचे पाय ओढले जाऊ लागले तर तीन, आणि त्यापुढचे गुण लिहायची वेळ आली की वरिष्ठांना बोलवायचे. उंदराला शेपटीने हलकेच उचलले की निरोगी उंदीर मागचे पाय पंख्यासारखे पसरतो. आजारी उंदीर ते पोटाशी घट्ट आवळून घेतो. मग त्याला पाठीवर पालथा... नव्हे, उताणा ठेवायचा आणि सरळ व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. सतरा क्रमांकाच्या उंदराला पहिल्या आठवड्यात एक सेकंदही लागत नसे. पुढे त्याला नऊ सेकंद लागले, आणि त्या नऊ सेकंदांत तो नुसता पडून नव्हता तर पुढच्या पायांनी सारखी धडपड करत होता. त्या दिवशीच्या चाचणीत त्याच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत जिवंत विषाणू सापडला नाही. विषाणू गेलेला होता आणि उंदीर उठू शकत नव्हता.

त्याच्या मज्जारज्जूचा काप नंतर लक्सॉल फास्ट ब्लू नावाच्या रंगाने रंगवला. हा रंग मायेलिन धरतो आणि निळा होतो. मध्ये फुलपाखरासारखी फिकट आकृती, भोवती गर्द निळा काठ, असे निरोगी मज्जारज्जूचे चित्र दिसते. सतराच्या काठात मात्र तीन ठिकाणी पांढुरके ठिगळ होते, धोतराला नीळ देताना कापड कोठे चिकटून राहिले तर तेवढी जागा कोरी राहते तसे. आणि त्या ठिगळांच्या आत जे बारीक ठिपके दिसत होते ते विषाणूचे नव्हते, मायेलिन खाऊन फुगलेल्या त्याच्याच रक्षक पेशींचे होते.

तेव्हापासून रस्त्यावरच्या फलकांवर "प्रतिकारशक्ती वाढवा" असे वाचले की मला ते ठिगळ आठवते. आमच्या तालुक्याच्या बसस्थानकासमोर अशा चूर्णाचा एक भलामोठा फलक आहे. प्रतिकारशक्ती म्हणजे काही विहिरीतले पाणी नव्हे की जितके वाढेल तितके बरे. ती कोणाला ओळखते, किती लवकर येते आणि काम झाल्यावर परत जाते की नाही, हे तिच्या बळाइतकेच महत्त्वाचे असते. पण तिला दाबून टाकणे हेही उत्तर नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेत जयश्री दास सरमा यांचा गट ह्याच कोरोना विषाणूवर काम करतो. त्यांनी २०२१ मध्ये दाखवले की, टी पेशी इतर पेशींना ज्या एका रेणूच्या साहाय्याने सावध करतात, तो सीडी४० लिगँड नावाचा रेणूच उंदरात नसला, तर मायेलिनचे नुकसान कमी न होता अधिकच होते. सुरुवातीला जमाव कमी जमतो, विषाणू रेंगाळतो, आणि नंतरची हानी वाढते. एका रेणूला खलनायक ठरवून त्याचा काटा काढावा, असा हा खटला नाही.

आपल्या विदर्भात हा विषय केवळ उंदरांचा नाही. चांदीपुरा हे नागपूरकडचे गाव. १९६५ मध्ये तेथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या शास्त्रज्ञांनी एक नवा विषाणू वेगळा केला आणि त्याला गावाचे नाव दिले. पुढे कितीतरी वर्षे तो निरुपद्रवी मानला गेला. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मुलांमध्ये मेंदूज्वराची साथ आली, ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांतली १८३ दगावली, तेव्हा त्याचे खरे रूप दिसले. त्यानंतर पूर्व विदर्भातही त्याने मुले नेली आहेत. वाळूमाशी चावून तो पसरतो, आणि सकाळी ताप आलेले मूल दुसऱ्या दिवसापर्यंत बेशुद्ध होते. एवढ्या कमी वेळात टी पेशींची फौज तयारच होत नाही. म्हणून वर लिहिलेले सगळे येथे तसेच्या तसे लावणे चुकीचे होईल. प्रत्येक विषाणूचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

गोंदिया, भंडारा आणि गडचिरोलीच्या धानपट्ट्यात आढळणाऱ्या जपानी मेंदूज्वराचा हिशेब मात्र आपल्या विषयाच्या जवळचा आहे. त्यात मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या रक्षक पेशी चवताळतात आणि त्यांनी सोडलेल्या द्रव्यांनी शेजारच्या निरोगी चेतापेशीही मरतात, हे मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातल्या अनिर्बन बसू यांच्या गटाने उंदरांमध्ये दाखवले. मिनोसायक्लिन हे जुने, स्वस्त प्रतिजैविक मायक्रोग्लियाला शांत करते, आणि २००८ मध्ये त्याच गटाने ते देऊन बाधित उंदीर वाचवले. ते वाचताना मला कोण आनंद झाला होता. पुढे लखनौला मेंदूज्वराच्या रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली. २०१६ मध्ये आलेल्या निष्कर्षांत मृत्यूच्या प्रमाणात ठोस म्हणावा असा फरक दिसला नाही. उंदराला औषध कधी द्यायचे ते आपण ठरवतो, कारण विषाणू कधी टोचला हे आपल्याला ठाऊक असते. रुग्ण मात्र बैलगाडी, टमटम आणि एसटी बदलत, चौथ्या-पाचव्या दिवशी पोहोचतो.

नागिणीच्या बाबतीतही असेच घडले आहे. बाबांचे दुखणे प्रतिकारसंस्थेच्या दंग्यामुळे असेल तर तिला शांत करणाऱ्या स्टेरॉइडने ते टळले असते का, हा विचार माझ्या मनात आलाच होता. १९९० च्या दशकात असायक्लोव्हिरबरोबर स्टेरॉइड देऊन मोठ्या चाचण्या झाल्या. सुरुवातीच्या वेदना थोड्या लवकर कमी झाल्या; पण नंतर मागे राहणारे दुखणे टळले नाही. त्यातच नागीण उठते ती मुळात वयाबरोबर टी पेशींचा पहारा सैल झाल्यामुळे, आणि पन्नाशीनंतर घ्यायची नवी लस नेमका तोच पहारा कडक करते. म्हणजे पहारा सैल झाला म्हणून विषाणू उठला, आणि उठलेल्या विषाणूमागे गडी धावले तेव्हा तूर तुडवली गेली. दोन्ही वाक्ये एकाच बरगडीत खरी आहेत. अशा दुखण्याच्या रुग्णांची मृत्यूनंतर तपासणी केली, तेव्हा कण्याजवळच्या त्या गाठीत चेतापेशी कमी झालेल्या आणि त्या जागी वण आलेला आढळला आहे. त्यात विषाणूने किती खाल्ले आणि गड्यांनी किती तुडवले, हे वण सांगत नाही.

बाबांनी हे सर्व ऐकून घेतले आणि स्वतःचे एक उदाहरण दिले. आमच्या गावचे एक गृहस्थ पूर्वी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरोगाच्या उपचारासाठी जात. गोळ्या सुरू झाल्या, चट्टे फिके पडू लागले, आणि त्याच महिन्यात कोपराजवळची नस सुजून त्यांची दोन बोटे वाकली. तेव्हा "दवाईनंच बोटं नेली" असे सारे गाव म्हणत होते. तो विषाणू नव्हे, जंतू. पण बाबांचा नेम अचूक होता. त्यालाच डॉक्टर रिअ‍ॅक्शन म्हणतात. औषधाने बोटे गेली नव्हती. जंतू असलेल्या नसेवर प्रतिकारसंस्था तुटून पडली होती, आणि तेथे मात्र प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड वेळेवर दिले तर हात वाचू शकतो.

शेवटी त्यांनी मला पेचात टाकले. "तुह्या उंदराले दुखत होतं, हे तुले कसं समजे? तो थोडीच सांगते."

तो सांगत नाही. म्हणून तो पाय कधी मागे घेतो ते पाहतात. उंदराला जाळीवर ठेवून खालून नायलॉनचा बारीक तंतू त्याच्या तळव्याला लावतात, आधी सर्वांत मऊ, मग क्रमाने जाड. निरोगी उंदीर ज्या स्पर्शाकडे लक्षही देत नाही, त्याच स्पर्शाला नस दुखावलेला उंदीर पाय झटकून घेतो. मी हे सांगत असतानाच बाबांनी सदरा वर केला.

नायलॉनचा तंतू घरी नव्हता. वहिनीने केरसुणीची एक बारीक काडी काढून दिली. बाबांनी डोळे मिटले, आणि मी पोटाच्या मध्यापासून डावीकडे काडी टेकवत गेले. जेथे त्यांनी अंग चोरले तेथे पेनाने खूण केली. मग पाठीकडून, वरून, खालून. चार खुणा जोडल्यावर जो आकार आला त्याची उंची मधोमध सहा बोटे भरली. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ही मोजणी होते, काडीही तीच असते, आणि आकडा वहिनी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहिते. मार्चमध्ये पाच बोटे होती. दुखण्यावरची रात्रीची गोळी चालूच आहे. परवाच्या रविवारी साडेतीन भरली. बाबांनी डोळे उघडून स्वतःची बोटे लावून पुन्हा मोजली, त्यांची बोटे माझ्यापेक्षा जाड आहेत म्हणून त्यांच्या मापाने ती तीनच झाली, आणि वहीत कोणाचा आकडा लिहायचा ह्यावरून आमचे दोघांचे थोडे वाजले.